साहेबांच्या घरात ढेकूण नाहीत

घरमालकाने भाडेकरूची तक्रार कशी ऐकावी, याबद्दल जगात दोन मतं आहेत. एक भाडेकरूचं; ते कुणी विचारत नाही. दुसरं साहेबांचं, तेही कुणी विचारत नाही, पण ते न मागता मिळतं आणि मिळायला लागलं की लवकर संपत नाही.

साहेब म्हणजे पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार कक्षाचे निवृत्त प्रमुख. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी सारी गल्ली त्यांना साहेबच म्हणायची, कारण दुसरं काही म्हटलं तर ते ओ देत नसत. उभी नोकरी त्यांनी तक्रारी ऐकण्यात घालवली आणि एकही न सोडवता ते मानाने बाहेर पडले. एवढंच नव्हे, तर सगळ्या विभागांत सर्वांत कमी तक्रारी त्यांच्याकडे येतात म्हणून वरच्या साहेबांच्या हस्ते त्यांचा जाहीर सत्कारही झाला होता. त्यांचं तत्त्व सोपं होतं. तक्रार ही तापासारखी असते, दुर्लक्ष केलं की आपोआप उतरते. नाहीच उतरली, तर निदान रोगी तरी उरत नाही.

अशा माणसाला निवृत्तीनंतर घरात बसून करमणार कसं? तेव्हा त्यांनी वरचा मजला भाड्याने दिला आणि घरमालक मंडळाच्या अध्यक्षपदाकडे डोळा लावला. मावळते अध्यक्ष म्हणजे लाकडाच्या वखारीचे मालक. त्यांचं हृदय नाजूक झालं होतं आणि देह मात्र तेवढाच राहिला होता. त्यांच्या जागेसाठी दोघे उभे होते, साहेब आणि कोपऱ्यावरचे औषधवाले. येत्या रविवारी संध्याकाळी निवडणूक होती, आणि तीही साहेबांच्याच दिवाणखान्यात, कारण चहा त्यांनी कबूल केला होता. मतदानाआधी साहेब भाषण करणार होते. विषय होता, ‘भाडेकरूंच्या तक्रारी आणि त्यांचा बंदोबस्त’. आरशासमोर भाषणाची तालीम चालू होती आणि आरशाला ते पसंतही पडत होतं.

त्यातच वरच्या भाडेकरू बाई खाली आल्या. या बाई शाळेत शिक्षिका होत्या, नवरा फिरतीच्या नोकरीवर, आणि पदरात एक वर्षाची गुटगुटीत मुलगी. तिला सगळे ढब्बू म्हणत.

“काका, वर ढेकूण झालेत,” बाई म्हणाल्या.

साहेबांना काही ऐकू आलं नाही.

“साहेब, वर ढेकूण झालेत.”

आता ऐकू आलं. “कधीपासून?”

“चार दिवस झाले.”

“चारच दिवस? मग एवढ्यात तक्रार कशी होईल? आधी थोडं बघा तरी. पुष्कळदा आपोआप जातात.”

“बघितलं असतं हो. पण महिनाभरापासूनच मला शंका होती...”

“महिनाभर!” साहेबांनी दोन्ही हात वर केले. “आणि आज सांगताय? महिनाभर चाललं ना? मग आणखी महिनाभर चालायला काय हरकत आहे?”

खात्यात हा डाव कधी फुकट गेला नव्हता. लवकर आलेली तक्रार कच्ची आणि उशिरा आलेली शिळी. बरोबर वेळेला आलेली तक्रार साहेबांनी नोकरीत एकदाही पाहिली नव्हती. पण बाई जन्मभर पोरांच्या सबबी ऐकत आलेल्या. त्यांनी कडेवरच्या ढब्बूचं झबलं वर केलं. पोरीच्या पाठीवर लाल गांध्या उठल्या होत्या.

साहेबांच्या पत्नीला सगळे काकू म्हणत. काकूंचा एकुलता एक मुलगा दूरदेशी. ढब्बूला दुपारी मांडीवर घेऊन बसणं एवढंच काकूंच्या दिवसातलं सुख होतं. पोरीची पाठ पाहून त्यांचा जीव तुटला. “अहो, काहीतरी करा,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं की साहेबांना चक्क चपला घालाव्या लागल्या.

काहीतरी करायचं म्हणजे आधी कुणाचा तरी सल्ला घ्यायचा. शेजारी एक वकील राहत होते. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे एकही खटला आलेला नव्हता, त्यामुळे त्यांचं ज्ञान कोरं करकरीत होतं आणि ते फुकट द्यायला ते एका पायावर तयार असत.

“पहिली गोष्ट,” वकील म्हणाले, “‘ढेकूण’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ‘कथित कीटक’ म्हणा. ढेकूण म्हणालात की मालकी सिद्ध झाली.”

“कुणाची?”

“ढेकणाची. घर तुमचं, तर घरातला ढेकूणही तुमचाच. कथित कीटक मात्र कुणाचाच नसतो. आणि साहेब, निवडणूक तोंडावर आहे. औषधवाल्यांच्या कानावर एक शब्द गेला, तर ते पुडीत बांधून गल्लीभर वाटतील.”

म्हणजे औषधाच्या दुकानात जाण्याची सोय राहिली नाही. साहेब नगरपालिकेच्या कीटक विभागात गेले, आणि तेही एका परिचितांच्या वतीने. तिथे काचेच्या खिडकीआड एक तरुण कारकून कान कोरत बसला होता.

“डास आमच्याकडे,” तो मान वर न करता म्हणाला. “उंदीर पलीकडच्या खिडकीत.”

“ढेकूण... म्हणजे, कथित...”

“उडतो का?”

“नाही.”

“मग आमच्याकडे नाही. आम्ही उडणाऱ्यांचं बघतो. धावणाऱ्यांचं पलीकडे.”

पलीकडच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, ढेकूण धावत नाही, चालतो. चालणाऱ्यांचं अजून कुणाला दिलेलं नाही. आणि परिचित स्वतः का आले नाहीत? साहेब पुन्हा पहिल्या खिडकीशी आले, तर ती बंद झाली होती. दुसरा कुणी असता तर संतापला असता. साहेबांचा ऊर भरून आला. नवी पिढी वाया गेली म्हणतात ते काही खरं नाही. कामं अजून जुन्या वळणाने चालू आहेत, असं त्यांना वाटलं आणि ते समाधानाने घरी परतले.

“काय झालं?” काकूंनी विचारलं.

“प्रकरण पुढे सरकलंय.”

काकूंना या वाक्याचा अर्थ लग्नापासून माहीत होता. त्यांनी जिन्याकडे बोट दाखवलं. “वर जा आणि डोळ्यांनी बघून या.”

वरचा मजला साहेबांनी फर्निचरसह दिला होता. फर्निचर म्हणजे एकाच बाजूने उघडणारं कपाट, एक पाय आखूड असलेलं टेबल आणि एक लांबलचक सागवानी बाक. बाई त्या बाकावर ढब्बूला दूध पाजत, त्यावरच वह्या तपासत आणि त्यावरच पोरीच्या दुपट्याची घडी ठेवत. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली, भिंतीवर दोन टिचक्या मारल्या आणि जाहीर केलं की इथे काहीही नाही.

“ते दिवसा दिसत नाहीत,” बाई म्हणाल्या.

“जे दिसत नाही ते आहे असं कसं म्हणता? तुम्ही शिक्षिका ना? थांबा, मी प्रात्यक्षिकच करून दाखवतो.” आणि साहेब वर्तमानपत्र उघडून बाकावर ऐसपैस बसले.

थोडा वेळ बरा गेला. मग उजव्या मांडीखाली कुणीतरी सुई टोचली. साहेबांनी पान उलटलं. मग डाव्या मांडीखाली टोचली. त्यांनी तेच पान परत उलटलं. मग कमरेपासून मानेपर्यंत जणू बैठकच भरली, आणि उपस्थिती चांगली होती. खाजवावं तर बाई समोर हाताची घडी घालून उभ्या. वर्गात पाठमोरं असताना कुणाच्या तोंडात पेरू आहे आणि कुणाच्या पेन्सिल, हे ओळखणाऱ्या बाई त्या. साहेब हवामानाची बातमी वाचत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं हवामान वेगळंच होतं.

“काही चावतंय का साहेब?”

“छे, छे! फार आरामशीर बाक आहे. असे बाक हल्ली मिळत नाहीत.”

“ते मात्र खरं,” बाई म्हणाल्या. साहेब उठल्याबरोबर त्यांनी बाकाला हात घातला आणि तो सरळ उलथा केला.

खालच्या फळीवर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत ‘तक्रार कक्ष’ असं रंगवलेलं होतं. आणि त्या अक्षरांच्या आजूबाजूला, फटीफटीतून, सांध्यासांध्यातून, आजोबा-पणजोबांपासून तान्ह्या बाळांपर्यंत सारा गोतावळा सुखाने नांदत होता.

हा बाक साहेबांच्याच खात्यातला. नव्या खुर्च्या आल्या तेव्हा तो लिलावात निघाला आणि साहेबांनी तो उचलला. त्यांच्या खोलीबाहेर हाच बाक असायचा. पाणी येत नाही, गढूळ येतं, नळ फुटलाय, असं सांगायला आलेली माणसं त्याच्यावर वाट बघत बसायची. थोडा वेळ बसायची, मग चुळबुळ करायची, मग उभी राहायची आणि शेवटी निघून जायची. शिपाई येऊन सांगायचा, “साहेब, लोक थांबतच नाहीत.” साहेबांना वाटायचं, आपला दरारा. ज्या कमी तक्रारींसाठी त्यांचा सत्कार झाला, त्या कमी करणारे खरे कर्मचारी इथे फळीखाली बसले होते आणि त्यांना कुणी साधे धन्यवादही दिले नव्हते.

दुसऱ्या कुणाला ही गोष्ट कळली असती तर तो शरमेने मेला असता. पण शरम वाटायलाही थोडी तयारी लागते. साहेबांनी घसा खाकरला. “म्हणजे हे कीटक सरकारी आहेत. माझा काही संबंध येत नाही.”

“भाडं घेताना बाक तुमचा, आणि ढेकूण सरकारचे?” बाईंनी विचारलं.

“मुद्दा विचाराधीन आहे,” असं म्हणून साहेब जिना उतरले. एकटे मात्र उतरले नाहीत. पायजम्याच्या शिवणीतून, वर्तमानपत्राच्या घडीतून जी मंडळी खाली आली, त्यांना आपले जुने साहेब भेटल्याचा आनंद झाला असणार. दोन दिवसांत खालच्या गाद्यांमध्ये बस्तान बसलं.

“अहो, आपल्याकडेही झालेत,” काकू म्हणाल्या.

“कधीपासून?”

“माझ्याशी ऑफिससारखं बोलायचं नाही, आधीच सांगते.”

“घामोळं असेल.”

“घामोळ्याला पाय नसतात. मी धरलाय, डबीत ठेवलाय, बघायचाय का?”

साहेबांना बघायचं नव्हतं. बघितलं की माहीत झालं, आणि माहीत झालं की करावं लागतं, हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी उमगलं होतं.

वर मात्र बाईंनी वाट बघणं सोडून दिलं होतं. त्यांनी बाक ओढत बाहेर जिन्याच्या कठड्याशी नेऊन टाकला, ढब्बूला घेऊन मैत्रिणीकडे राहायला गेल्या, फवारणीवाल्याला बोलावून सगळा मजला फवारून घेतला, कपडे उकळून काढले, गाद्या उन्हात वाळवल्या आणि परत आल्या. ढब्बूची पाठ पुन्हा लोण्यासारखी झाली. जाता-येता बाई काकूंना म्हणाल्या, “काकू, खालीही फवारून घ्या ना. तो माणूस चांगला आहे.” काकूंनी नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, वर आला तो भाडेकरूंचा म्हणून खपला, पण निवडणुकीआधी फवारणीवाला आपल्या दारात उभा राहिला तर सगळी गल्ली बघेल.

राहता राहिला तो बाक. साहेबांना तो जाळून टाकायचा होता. वकिलांनी त्यांचा हात धरला.

“बाक फेकलात तर ती कबुली झाली. उलट तो आत आणा. दिवाणखान्यात दर्शनी भागात ठेवा, वर स्वच्छ चादर घाला. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही आहे, तो मनुष्य पाहुण्यांना त्यावर बसवील का?”

वकिली युक्तिवादाची हीच खुबी असते. ऐकताना तो इतका भक्कम वाटतो की माणूस त्याच्यावर बसायला तयार होतो, आणि इतरांनाही बसवतो.

रविवार आला. घरमालक जमले. या मंडळींचं एक वैशिष्ट्य असतं. दुसऱ्याच्या घरात शिरलं की पहिल्यांदा छताकडे बघायचं, गळतंय का, आणि गळत असेल तर मनातल्या मनात सुखावायचं. त्यामुळे बाकाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. खुर्च्यांना वखारवाल्यांचा भार झेपला नसता, म्हणून त्यांना मानाने बाकावर बसवण्यात आलं. साहेब उभे राहिले.

“मित्रहो,” ते म्हणाले, “भाडेकरूला घर लागतं, तशी तक्रारही लागते. आपण घर दिलंय. तक्रार पुरवण्याची जबाबदारी आपली नाही.”

वा, वा, असे आवाज आले. वखारवाले एका बाजूला कलले. मग दुसऱ्या बाजूला कलले. सभेला वाटलं, ते भाषणाला दाद देतायत.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन काकू बाहेर आल्या. बाकावर बसलेला म्हातारा, नाजूक हृदयाचा माणूस, घामाघूम होऊन चुळबुळतोय, हे त्यांनी पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही.

“अहो भाऊ, उठा तिथनं. त्या बाकात ढेकूण आहेत.”

सगळ्यांच्या नजरा साहेबांकडे वळल्या. औषधवाल्यांनी तर चष्मा पुसून घेतला. अध्यक्षपद त्या क्षणी एका केसाला लटकत होतं. एक शब्द खरा बोलले असते तर साहेबांचं पद गेलं असतं आणि बाकी सगळं राहिलं असतं. पण खरं बोलण्याची सवय एकदम कुठून आणायची?

“हिच्याकडे लक्ष देऊ नका,” साहेब हसून म्हणाले. “वय झालं. हिला हल्ली भास होतात.”

काकू हलल्या नाहीत. रात्ररात्र ढेकूण चावले त्याचं त्यांना एवढं वाटलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी या माणसाचे शर्ट इस्त्री केले, त्याचा सत्कार पहिल्या रांगेत बसून पाहिला, त्याच्या कडक स्वभावाच्या गोष्टी माहेरी कौतुकाने सांगितल्या. आणि तो आज बाकाची अब्रू राखायला परक्या माणसांसमोर त्यांना वेडी ठरवत होता. त्यांचे डोळे भरले. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, आत गेल्या आणि हातात डबी घेऊन बाहेर आल्या. ती त्यांनी चहाच्या कपांशेजारी ठेवली.

“माझा भास यात आहे,” त्या म्हणाल्या. “कुणाला बघायचा असेल त्याने झाकण उघडावं.”

आणि त्या जिना चढून वर गेल्या. वरचं दार उघडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, आणि बाईंचा आवाजही, “या काकू. कपडे आधी इथेच बदला हं, माझा गाउन देते.”

डबी कुणी उघडली नाही. सभेत सगळे घरमालकच होते.

“साहेब,” औषधवाले अतिशय गोड आवाजात म्हणाले, “वहिनींना भास होतो म्हणता, तर आपणच बसा ना बाकावर. भाषण बसूनच होऊ द्या. म्हणजे कुणाच्या मनात किंतू राहायला नको.”

वखारवाले तर कधीचेच उठले होते. त्या देहाला इतकं चापल्य असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. साहेब बसले. औषधवाल्यांना घाई नव्हती. आधी त्यांनी मावळत्या अध्यक्षांचे आभार मानले. मग त्यांच्या आधीच्या अध्यक्षांचे. मग त्यांना आठवलं की साहेबांचं भाषण मधेच तुटलं, ते पहिल्यापासून ऐकायला मिळालं तर बरं. सभा भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि साहेब बोलत राहिले. बाकातल्या मंडळींनी हात राखून काम केलं असं कुणीही म्हणणार नाही. साहेबांचं कपाळ घामाने थबथबलं, मांड्या थरथरल्या, पण दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवलेले होते तिथून हलले नाहीत.

तेवढ्यात त्यांच्या कॉलरमधून एक ढेकूण वर आला. चांगला भरलेला, लालबुंद, खात्यात बढती मिळाल्यासारखा. तो मानेवरून निवांत चालत कानापर्यंत गेला. सगळ्या सभेने तो पाहिला. साहेबांनाही तो कळला, कारण त्यांचा आवाज किंचित चिरका झाला. पण वाक्य त्यांनी तोडलं नाही.

“...म्हणूनच मी छातीठोकपणे सांगतो, माझ्या घरात एकही ढेकूण नाही.”

ढेकूण कानामागे गेला. मग वखारवाले पुढे आले. अगदी पुढे नव्हे, बेताने.

“माझं सगळं आयुष्य भाडेकरूंशी भांडण्यात गेलं,” ते म्हणाले. “पण कुणी ओली भिंत दाखवली की माझी नजर खाली जायची. खोटं कशाला बोलू, लाज वाटायची. हा माणूस बघा. मानेवर ढेकूण फिरतोय आणि पापणी लवत नाही! भाडेकरूंसमोर उभा करायला याच्यापेक्षा लायक माणूस आपल्याला सात जन्मांत मिळायचा नाही.”

औषधवाल्यांनी मान खाली घातली. “मी माघार घेतो,” ते म्हणाले. “माझ्यात एवढी धमक नाही.” त्यांच्या बोलण्यात यत्किंचितही कुत्सितपणा नव्हता.

साहेब बिनविरोध निवडून आले. सगळ्यांनी लांबून टाळ्या वाजवल्या आणि कोपरापासून हात जोडले. साहेबांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, तेव्हा सभेतल्या एकूणएक माणसाला घरी काहीतरी काम असल्याचं आठवलं. चहा तसाच निवत राहिला. शेवटी निघालेले वकील फाटकातून ओरडून म्हणाले, “आता उठायला हरकत नाही साहेब. मात्र तुमच्या जागी मी असतो तर अजून थोडा वेळ बसलो असतो.”

दिवाणखाना रिकामा झाला. वर काकू ढब्बूला कसलीशी नक्कल करून दाखवत होत्या आणि पोरगी खिदळत होती. साहेबांनी खालून दोनदा हाक मारली. हसणं क्षणभर थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. कुणी खाली आलं नाही. साहेबांना फार वाईट वाटलं. ही काय वागण्याची रीत झाली? घर आपलं, बायको आपली, आणि आपल्याच घरात आपल्याला कुणी विचारत नाही! कुठेतरी याची दाद मागितलीच पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं. पण मंडळाच्या नियमाप्रमाणे सगळ्या तक्रारी अध्यक्षांकडे द्यायच्या असतात, आणि अध्यक्षांचे दोन्ही हात त्या वेळी कामात होते.